‘मुलगा चांगला आहे’ हे तपासायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकट्या बहिणीसाठी स्थळ आलंय. मुलगा पुण्यात आयटीत, पगार बरा, निर्व्यसनी, स्वभावाने शांत, आईवडिलांच्या शब्दाबाहेर नाही. त्याच्या मोठ्या बहिणीचं लग्न झालंय, गावाकडे थोडी शेती आहे. दोन भेटी झाल्या. ज्याला विचारावं तो म्हणतो, मुलगा चांगला आहे. पण बहीण विचारते, “चांगला म्हणजे काय रे दादा?” आणि तुम्हाला उत्तर सुचत नाही. पुढच्या आठवड्यात हॉल धरायचाय.

विवाहपूर्व समुपदेशन हे माझं रोजचं काम, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही मुलाचं जे वर्णन दिलंय, त्यात तो काय करत नाही हेच जास्त आहे. पीत नाही, ओढत नाही, आवाज चढवत नाही, उलटून बोलत नाही. यातलं काही वाईट नाही, पण संसार चालतो तो माणूस काय करतो यावर. शिवाय या विशेषणांच्या आड बरंच काही लपतं. ‘शांत’ माणसं दोन प्रकारची असतात. एक ऐकून घेतो, थोडा वेळ मागतो आणि मग मुद्द्यावर बोलतो. दुसऱ्याचा आवाज कधी चढत नाही, पण तो चार-चार दिवस अबोला धरतो, ताकास तूर लागू देत नाही आणि शेवटी निरोप आईमार्फत पाठवतो. बायोडेटात दोघांच्याही नावापुढे ‘शांत व मनमिळाऊ’ असंच लिहिलेलं असतं.

मी चार ठिकाणी बघते: घरातलं काम, पैसा, नकार आणि राग, आणि आपल्याच माणसांसमोर बोलायची हिंमत. प्रामाणिकपणा, कष्टाळूपणा, माया ही मोठी मूल्यं या चार ठिकाणी उतरतात तेव्हाच दिसतात, नाहीतर बोलण्यापुरती राहतात.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. लाजाळू मुलगा कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात हमखास वाईट दिसतो आणि बोलघेवडा चांगला दिसतो, त्यामुळे पहिल्या भेटीचं मत मी फारसं धरत नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मुलाला स्वयंपाक येत नसेल तर तो दोष त्याच्या एकट्याचा नाही. शिकायची तयारी आहे का, एवढं बघायचं. मानसिक आजाराची गोळी चालू असणं हा नापसंतीचा मुद्दा नाही. ती त्याने आपणहून सांगितली की लग्नानंतर कपाटात सापडली, यावर सगळं ठरतं. आणि स्थिर नोकरी म्हणजे चांगला माणूस हे समीकरण डोक्यातून काढा. त्या समीकरणापायी गावोगावचे कितीतरी उत्तम शेतकरी मुलगे न बघताच नाकारले जातात.

आता विचारायचं कसं. माझा एकच नियम आहे: मत विचारू नका, शेवटचा प्रसंग विचारा. “घरकामात समानता मानता का?” याला आजकाल कोणी नाही म्हणत नाही. “तुमची आई शेवटची आजारी पडली तेव्हा घरात स्वयंपाक कोणी केला? काय केलं होतं?” याला मात्र तयार उत्तर नसतं. खरं उत्तर असेल तर त्यात तपशील येतो. वरणाला कुकरच्या शिट्ट्या किती, भाजी करपली, मग बहिणीला फोन लावला. तपशील नसेल तर “मॅनेज केलं”, “मागवलं”, “मावशी आली होती” अशी उत्तरं येतात. मावशी आली होती हेही उत्तरच आहे. त्यावरून कळतं की आई पडली तरी घरातल्या दोन पुरुषांपैकी कोणी ओट्यापाशी गेलं नाही.

घरकामाबद्दल आणखी बारीक विचारा. गॅस सिलिंडर कोण नोंदवतं? पीठ संपत आलंय हे घरात आधी कोणाच्या लक्षात येतं? वडिलांच्या बीपीच्या गोळीचं नाव काय, ती कधी संपते? सांगितलेलं काम करणारे मुलगे आता पुष्कळ आहेत. लक्षात ठेवण्याचं काम अजून बायकांकडेच आहे, आणि बाई दमते ती त्यानेच. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं निघाली आणि पुरुषाची ८८. त्यातही ही ८८ मिनिटं जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची आहेत, जे लावतच नाहीत ते या सरासरीत धरलेले नाहीत.

त्यांच्या घरी जाल तेव्हा जेवण झाल्यावरची दोन मिनिटं नीट बघा. मुलगा आपलं ताट उचलतो का, आणि उचलल्यावर आईचा चेहरा कसा होतो. आई दचकून “अरे राहू दे, तू कशाला!” म्हणाली, तर ते ताट पाहुण्यांसाठी उचललेलं होतं. कोणाचं लक्षच गेलं नाही, तर रोजचं आहे.

पैशाकडे येते. इथे लोक भिडेपोटी गप्प बसतात आणि मग वर्षभराने माझ्याकडे येतात. आधी सीटीसी, म्हणजे कंपनी सांगते ते वर्षाचं एकूण पॅकेज, बाजूला ठेवा आणि हातात येणारा पगार विचारा. त्यातून हप्ते किती जातात ते विचारा. समजा हातात ८०,००० येतात, घराचा हप्ता ३४,००० आणि गाडीचा ९,०००, म्हणजे ४३,००० गेले. पगाराच्या निम्म्याहून जास्त. हप्ते ४० टक्क्यांच्या वर गेले की संसाराची ओढाताण सुरू होते. मग होतं असं: त्याचा पगार फ्लॅटच्या हप्त्यात, तिचा किराणा, वीजबिल, शाळेच्या फीमध्ये. दहा वर्षांनी फ्लॅट त्याच्या नावावर उभा असतो आणि तिच्याकडे खर्चाच्या पावत्यासुद्धा नसतात. कोणी फसवलेलं नसतं, नुसतं बोललेलं नसतं. म्हणून लग्नाआधी सरळ विचारा: घर कोणाच्या नावावर आहे, पुढचे हप्ते दोघांच्या पैशातून जाणार असतील तर तिचं नाव कसं आणि कधी लागणार? चांगला माणूस या प्रश्नाने अवघडेल, विचार करायला दोन दिवस मागेल, पण चिडणार नाही.

क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे माणसाच्या कर्जांचा आणि परतफेडीचा अहवाल, दोघांनीही एकमेकांना दाखवावा असं मी सगळ्यांना सांगते. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार संस्थांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. गुणसंख्या ३०० ते ९०० असते, पण तिच्यावर अडकू नका, खालची कर्जांची यादी वाचा. पर्सनल लोन किती, कार्डाची बाकी दर महिन्याला पुढे ढकलली जाते का, कोणाला जामीन राहिलाय का. मित्रांकडून घेतलेलं हातउसनं आणि भिशी यात दिसत नाही, ती तोंडानेच विचारावी लागते.

निर्व्यसनी शब्दाखाली हल्ली एक नवीन गोष्ट सुटते: मोबाइलवरचं ट्रेडिंग. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासाप्रमाणे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत) उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. मुलगा ट्रेडिंग करतो एवढ्याने दचकायचं कारण नाही. “सर्वांत मोठा तोटा किती झाला आणि तो घरी कोणाला सांगितला?” हा प्रश्न विचारा. तोट्याच्या आकड्यापेक्षा ‘कोणाला सांगितला’ याचं उत्तर महत्त्वाचं. कर्ज काढून भरपाईचा डाव खेळलेला असेल तर दारूइतकंच गंभीर धरा.

नकाराची कसोटी मुद्दाम लावू नका, नाटक लगेच कळतं आणि समोरच्याचा अपमान होतो. खरा नकार द्यायची वेळ आपोआप येते. बहिणीला एखाद्या रविवारी भेटणं जमणार नाही, एखादा फोटो स्टेटसला टाकू नये असं वाटेल, साखरपुड्यानंतर बाहेरगावी मुक्कामाला जायला ती नको म्हणेल. त्यानंतरचा एक दिवस लक्ष ठेवा. वाईट वाटणं स्वाभाविक आहे, “मला वाईट वाटलं” असं म्हणणं तर उत्तमच. फोन उचलत नाही, पाच-पाच मिनिटांनी मेसेज येतो, किंवा संध्याकाळी त्याच्या आईचा तुमच्या आईला फोन येतो, तर लग्नानंतर प्रत्येक नकाराची हीच किंमत असेल. साखरपुडा ते लग्न या काळात “लोकेशन चालू ठेव”, “डीपी बदल”, “त्या मित्राला अनफॉलो कर” सुरू झालं तर त्याला काळजी समजू नका. दोन महिन्यांत एवढं, तर पुढे किती, हा हिशेब आहे.

रागाबद्दल शेवटच्या प्रसंगाचाच नियम लावा. शेवटचं भांडण कोणाशी झालं, कशावरून, आणि पहिला फोन कोणी केला? ज्याच्या प्रत्येक गोष्टीत तोच बरोबर आणि समोरचे सगळे मूर्ख, बॉस नालायक, रूममेट स्वार्थी, भाऊबंद हलकट, त्याच्या पुढच्या गोष्टीत बायको कुठे असेल ते ओळखा. माफीचीही पारख करता येते. “तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी” ही तोंडदेखली माफी. मी काय केलं, त्याने तुला काय झालं, आता काय बदलणार, हे तीनही तिच्यात आलं तर ती खरी. आणि हात उचलण्याबाबत माझ्याकडे परिस्थितीवर अवलंबून असं काही नाही. लग्नाआधी एकदा जरी हात उचलला, मनगट पिरगळलं, फोन भिंतीवर आपटला, तर स्थळ तिथेच संपवा. ‘लग्नानंतर निवळेल’ म्हणणाऱ्या नातेवाइकांचं ऐकू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २९.३ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. म्हणजे दहातल्या तीन जणी. या सगळ्यांच्या नवऱ्यांबद्दलही लग्नाआधी कोणीतरी ‘मुलगा चांगला आहे’ म्हटलंच असणार.

आता तुमच्या वर्णनातलं जे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं ते: आईवडिलांच्या शब्दाबाहेर नाही. आईवडिलांचा मान ठेवणं वेगळं आणि तिशीतल्या माणसाला त्यांच्यासमोर स्वतःचा शब्दच नसणं वेगळं. याची परीक्षा लग्न ठरवतानाच होते, वेगळी घ्यावी लागत नाही. आपल्याकडे हुंडा कोणी तोंडाने मागत नाही. “आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्यायचं ते तुम्ही बघा”, “लग्न तेवढं दणक्यात करून द्या”, “आमच्याकडची तीनशे माणसं होतील”, “मानपान काय तो तुमच्या रीतीने”. ही वाक्यं बैठकीत येतील तेव्हा वडीलधाऱ्यांकडे पाहू नका, मुलाकडे पाहा. बरेच मुलगे त्या वेळी मोबाइलमध्ये डोकं घालतात आणि नंतर मुलीला एकटीला सांगतात, “मला हे पटत नाही, पण पप्पांपुढे बोलता येत नाही.” हा वाईट मुलगा नव्हे. पण हाच मुलगा पुढे नोकरी, मूल, तिच्या माहेरचं आजारपण अशा प्रत्येक वेळी खोलीत एक आणि हॉलमध्ये दुसरं बोलेल. जो बैठकीतच म्हणतो, “बाबा, खर्च अर्धा-अर्धा करू, माणसं दीडशेच बोलवू,” आणि वडिलांचा चेहरा पडला तरी मागे सरत नाही, त्याच्या आवाजाला कंप असला तरी मला तो मुलगा आवडतो. अशा वेळी मुलीकडच्यांनी “नाही नाही, आम्ही हौसेने करतोय” म्हणून त्याला खाली बसवू नये. हे फार वेळा होतं.

कायद्याचं एवढंच लक्षात ठेवा: १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हे आहेत, शिक्षा किमान पाच वर्षं. लग्नातल्या भेटवस्तूंची यादी करावी असा १९८५ चा नियम आहे. वस्तू, अंदाजे किंमत, कोणी दिली, आणि सह्या. दागिन्यांची बिलं आणि फोटो त्या यादीला जोडून ठेवा. यादीचं नाव काढल्यावर मुलाकडच्यांचं काय होतं, तेही बघण्यासारखं असतं.

त्याच्या मोठ्या बहिणीकडे वळते, कारण तुमच्या हातातला सगळ्यात चांगला साक्षीदार तीच आहे. शेजारी, सहकारी, मध्यस्थ वाईट सांगणारच नाहीत, जमत आलेलं स्थळ मोडल्याचं पाप कोणाला नको असतं. म्हणून ‘मुलगा कसा आहे’ विचारूच नका. “तुम्ही त्याच्यावर शेवटच्या कधी चिडला होतात?” असं बहिणीला विचारा. हसत हसत सांगेल, आणि त्यातच सगळं येईल. जमलं तर जुन्या रूममेटला विचारा: भाडं वेळेवर द्यायचा का, संडास-बाथरूम कोण धुवायचं?

गावाकडे शेती आहे म्हणालात. सातबाऱ्यावर या बहिणीचं नाव आहे का? ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि वडील त्या तारखेला हयात नसले तरी तो मिळतो हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलंय. आता वडील हयात असताना सातबाऱ्यावर तिचं नाव नसणं नेहमीचं आहे, त्यावरून निष्कर्ष काढू नका. मुलाला विचारा, “पुढे वाटणी झाली तर ताईचं काय?” “ती कशाला मागेल?” हे उत्तर मी फार ऐकलंय. जो म्हणतो, “तिचा हिस्सा तिचा, घ्यायचा का नाही ते ती ठरवेल,” त्याने बायकोच्या हक्काबद्दल वेगळं भाषण करायची गरज नाही.

शरीराचा विषय घरात निघत नाही, म्हणून तो मी माझ्याकडे काढते. लग्नाआधी दोघांनी एचबीए२ ही रक्ततपासणी करावी, ती थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारासाठी असते. हे प्रमाण साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असलं तर थॅलेसेमियाचं वाहकत्व असण्याची शक्यता असते. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के. सोबत एचआयव्ही आणि कावीळ बी, दोघांच्या संमतीने. “आमच्यावर विश्वास नाही का?” असा सूर लागला तर मी मुलाला म्हणते, आधी तुझी कर. जो लगेच करून रिपोर्ट पाठवतो त्याचा विषय मिटला. गर्भनिरोधन कोणाची जबाबदारी, हेही त्याच बैठकीत विचारते. वर सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित जोडप्यांमध्ये स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदी ०.३ टक्के निघाली, आणि पुरुषाची शस्त्रक्रिया दोन्हींत सोपी, बिनटाक्याची होते. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. शंभर वर्षांत घोडं इथेच पेंड खातंय. आणि मूल लवकर राहिलं नाही तर पहिली तपासणी वीर्याची, ती सगळ्यात स्वस्त आणि बिनत्रासाची असते. तरी वर्षभर बायकोच्याच सोनोग्राफ्या होत राहतात, कारण नवऱ्याला सुचवायचं धाडस कोणी करत नाही.

एवढं सगळं दोन भेटींत कळत नाही. पाच-सहा भेटी हव्यात आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी हव्यात. हॉटेलमधल्या सहा भेटी म्हणजे एकच भेट सहा वेळा. एक त्याच्या घरी, सणवार नसताना. एक भावंडांसह एसटीचा किंवा रेल्वेचा प्रवास, गाडी उशिरा आली तर उत्तम. आणि ठरलंच, तर बस्ता. लक्ष्मी रोडच्या दुकानात तिसऱ्या तासाला, समोर पन्नास साड्यांचा ढीग, बजेट ओलांडलेलं, दोन्ही आया थकलेल्या आणि सेल्समन अजून एक घडी मोडतोय. त्या वेळी मुलगा सेल्समनशी कसा बोलतो, त्याच्या आईच्या आवडीची आणि तुमच्या बहिणीच्या आवडीची साडी वेगळी निघाली तर काय करतो, की “तुम्ही बायका ठरवा” म्हणून खाली चहाला जातो? फक्त हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून आधीच्या भेटी लवकर उरका.

बहिणीने हेच प्रश्न स्वतःलाही लावून घ्यावेत. तिच्यावर कर्ज आहे का, ती नकार कसा ऐकते, तुमच्या आईसमोर तिला बोलता येतं का. मुलगाही हे विचारणार आहे, विचारावंच. ‘ताईचं काय’ हा प्रश्न तो तुमच्या घराबद्दलही विचारू शकतो. लग्नाच्या धामधुमीत बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवून सही घ्यायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. तुमच्या घरात तसा बेत शिजत असेल तर तो थांबवणं तुमच्या हातात आहे, आणि दुसऱ्या घरचा मुलगा पारखण्याआधी ते करा.

हॉलचं म्हणाल तर आत्ता धरू नका. मुलाकडच्यांना सरळ सांगा की दोघांना आणखी दीड-दोन महिने भेटू द्या, तारीख त्यानंतर काढू. मुहूर्त पुढचेही आहेत. त्यांनी “एवढं काय बघायचं राहिलंय?” असं विचारलं, तर मुलाने त्यावर काय उत्तर दिलं ते मला कळवा.